मूकपटातली ती काय बोलत होती?

मंडळी, आज दुपारी सोलापुरात एका कॉलेजात जुना मूकपट पाहिला. रडणाऱ्या चेहऱ्यावर कॅमेरा बराच वेळ थांबवणं ही त्याच्या दिग्दर्शकाची खासियत. आम्ही लग्नाचे व्हिडिओ काढणारे पाठवणीच्या वेळी अजून तेच करतो.

सोबत ताई होती. लहानपणी तापात तिचं ऐकू येणं गेलं, पण ती ओठ वाचते.

नायिका रडत होती, सगळे भारावले होते. ताई एकदम मोठ्यानं म्हणाली, "अरे, ती म्हणायलीय, तो दिवा बाजूला घ्या, डोळे जळायलेत!"

कुणीच हसलं नाही.

घरी येऊन मी काढलेले पाठवणीचे व्हिडिओ लावलेत. मूळ आवाज काढून मीच त्यांवर गाणी टाकली होती. ताईला दाखवायचा धीर होत नाही.

तुमच्या पाठवणीत कॅमेऱ्यासमोर तुम्ही काय म्हणत होता?