एकवीस नंबर

नवरा गेल्यावर आठ महिने मी घरीच होते. आधी रजा संपली, मग नोकरीच संपली. त्या दिवशी सकाळी अकराला खराडीतल्या एका कंपनीची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. इतक्या दिवसांत आलेलं ते एकच बोलावणं. भीती वाटायला हवी होती. मला काहीच वाटत नव्हतं.

ऑफिसचा लॅपटॉप परत गेला होता, म्हणून घरातला जुना लॅपटॉप लिनक्स टाकून चालता केला होता. पण आमच्या कोथरूडच्या घरात नुसता पासवर्ड घालून इंटरनेट चालत नाही. सोसायटीतले फुकटे नकोत म्हणून नवऱ्याने राउटरचं आपोआप नंबर वाटणं बंदच करून टाकलं होतं. पाहुण्यांना चहा मिळायचा, वायफाय नाही. घरच्या प्रत्येक यंत्राला त्याने स्वतः नंबर दिला होता आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. त्याच्याच शब्दांत: टीव्ही वीस, मी एकवीस, ही बावीस, आई तेवीस.

एकवीस आता मोकळा, असा सरळ विचार करून मी तो लॅपटॉपला दिला. नेट आलं, गेलं, परत आलं. सेटिंगमधला गेटवे तपासला, डीएनएस दोनदा भरला. पावणेअकरा झाले. शेवटी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि माझ्या मोबाइलवरून एकवीसला पिंग केलं, म्हणजे त्या नंबरवर कुणी आहे का अशी हाक मारून पाहिली. लॅपटॉपचं वायफाय बंद असूनही उत्तर आलं. म्हणजे घरात दुसरं कुणीतरी तोच नंबर धरून बसलं होतं.

टीव्ही बंद होता. मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्यांच्या उशीपाशी त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो केव्हाच बंद करून ठेवलाय, असं मी धरून चालले होते. मी चार्जरकडे हात नेला.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी लावते मी. फोन बंद पडलेला त्याला चालायचा नाही."

मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन लॅपटॉपला सत्तावीस नंबर दिला. नेट लगेच आलं आणि टिकलं. अकराला पडद्यावर तीन माणसं दिसली, चौथी मी. त्यांनी विचारलं, आवाज येतोय का. नुसतं हो म्हणायचं होतं. पण मला रडू फुटलं होतं, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते थांबत नव्हतं.