ताईची पाटी आणि भावोजींची मंजुरी

मंजूर करणे म्हणजे सही ठोकणे, असा तुमचा-आमचा समज. माझ्या भावोजींच्या लेखी मंजूर करणे म्हणजे ओढून बघणे. नगरपालिकेत दुकानांच्या पाट्यांना परवानगी देण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते जातीने जात, छत्रीची मूठ पाटीत अडकवत आणि गदागदा हलवत. पाटी टिकली तरच 'मंजूर'. घरातही तेच. नवी खुर्ची आली की पाहुणे बसण्याआधी भावोजी तिच्यावर उभे राहून दोन उड्या मारून घेत.

माझ्या ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचे दुकान थाटायचे ठरवले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानात काजे करून ती कंटाळली होती. तिच्या पाटीचा अर्ज घरचा म्हणून दुसऱ्या साहेबांकडे गेला. त्यांनी तो खुर्चीतूनच मंजूर केला. तेव्हापासून भावोजींना जेवण गोड लागेना.

दुकान उघडायच्या सकाळी दारात गिऱ्हाइके जमली, ताई नटूनथटून उभी राहिली आणि भावोजी छत्री घेऊन आले. ताईने डोळे वटारले, पण मूठ अडकलीच. एक हिसका, आणि पाटी थेट भावोजींच्या मिठीत.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

"नामंजूर," भावोजी पाटीआडून पुटपुटले.

आता ही रडणार, असे मला वाटले. तिने बाह्या वर सारल्या, शेजारच्या लोहाराला हाताला धरून आणले आणि लांबलचक बोल्ट ठोकून घेतले. तोवर गिऱ्हाइकांना तिने गप्पांत असे गुंतवले, की एकही हलले नाही. मग स्टूल मांडून नवऱ्याला म्हणाली, "छत्री राहू द्या. आता स्वतः लटका."

भावोजींनी दोन्ही हातांनी पाटी धरली आणि पाय उचलले. पोटासकट ते अधांतरी लोंबले. पाटी तसूभरही हलली नाही. वरूनच त्यांनी 'मंजूर' जाहीर केले आणि रस्त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने स्टूल तेवढ्यात बाजूला सरकवले होते. ते तिने जरा सावकाशच परत दिले.

निवृत्त झाल्यावर भावोजींनी तिच्याकडेच काम मागितले. ताईने परीक्षेला एक सदरा दिला. त्यांनी जीव ओतून बटण लावले. तिने ते चिमटीत धरून हिसका दिला. बटण हातात आले.

"नामंजूर," ती म्हणाली.

इतका खूश झालेला नापास माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भावोजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा सुई ओवायला घेतली.