मेहरूआपांसमोर जीभ दाखवताना

मेहरूआपा गेल्या. काल सकाळी, चहाचा कप हातात असताना.

वय त्र्याऐंशी. परवापर्यंत पेशंट बघत होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपा भवानी पेठेत अ‍ॅक्युपंक्चर करायच्या, घराच्या पुढच्या खोलीत. ओळीने खुर्च्या. प्रत्येक खुर्चीत एक ज्येष्ठ नागरिक, पायजमा गुडघ्यापर्यंत वर आणि पायात केसाएवढ्या बारीक सुया. हलायची सोय नाही, त्यामुळे गप्पांना नुसता ऊत.

आई गेल्यावर बाबा धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला लागले. आमच्याकडे यायला तयार नव्हते.

गुडघे दुखतात म्हणून खाली उतरणं बंद झालं. ऑर्थोपेडिकने एक्स-रे बघून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत, चालत राहा.

बाबा म्हणाले, "चालून जायचंय कुठे?"

त्या वाक्याने मी घाबरले. आई गेलीच होती. आता बाबाही डोळ्यांदेखत चालले होते.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने आपांचं नाव सुचवलं. मी बाबांना अक्षरशः ओढत नेलं.

बाबांनी बसल्या बसल्या विचारलं, "याने आयुष्य वाढतं म्हणे?"

"वाढवायच्या सुया माझ्याकडे नाहीत. आहे ते नीट वापरता येईल का, एवढं बघू. बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. जीभ दाखवा."

चिनी वैद्यकात नाडीबरोबर जीभही बघतात. तिचा रंग, तिच्यावरचा थर.

बाबांनी दाखवली. लख्ख!

"घासून आलात?"

"अर्थात. सभ्य माणसं घासतात."

"मग मी बघू काय? पुढच्या वेळी न घासता या."

झालं. बाबांचं म्हणणं, न घासलेली जीभ मी परक्या बाईला दाखवणार नाही. पुढच्या वेळीही चकचकीत. त्याच्या पुढच्या वेळीही. आपा नाडी बघून हलक्या सुया लावायच्या आणि म्हणायच्या, "आज पॉलिशही केलंय वाटतं."

पण भांडायला म्हणून का होईना, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसायला लागले.

एका गुरुवारी ते चक्क न घासता निघाले. अख्खा सिंहगड रोड तोंडावर रुमाल.

आपांनी जीभ बघितली. बराच वेळ बघितली. मग हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुम्ही जेवत नाही का?"

मला रोज फोनवर "डबा संपवला" सांगणारे बाबा रुमालाची घडी घालू लागले.

मग म्हणाले, "एकट्याने घास उतरत नाही."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आपा उपाशीपोटी कुणालाच सुई लावायच्या नाहीत, चक्कर येते म्हणून. त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. पोळी आणि दुधीची भाजी.

"मला दुधी आवडत नाही."

"मलाही नाही. खा."

आणि स्वतःचं ताट घेऊन बाबांच्या समोर बसल्या.

मग दर गुरुवारचं तेच ठरलं. आधी जेवण, मग गुडघ्याखाली सुया. खुर्च्यांमधलं कुणी ना कुणी बाबांबरोबर जेवायला थांबायचं. बाबा हळूहळू खाली उतरू लागले, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत, मग बसने एकटेच भवानी पेठेत. दुसऱ्यांची दुखणी मला फोन करून सांगू लागले!

सुयांनी झालं की दुधीने, मला विचारू नका. मी आपांना विचारलं होतं. म्हणाल्या, "क्रेडिट वाटून घेऊ."

काल दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी बायकांबरोबर दारात थांबले. जनाजा उचलायची वेळ झाली तसे बाबा पुढे झाले आणि आपांच्या मुलाला म्हणाले, "मी खांदा दिला तर चालेल?"

"काका, तुम्हाला जमेल?"

"जमतंय म्हणून विचारतोय."

त्याने जागा करून दिली.

एकोणऐंशी वर्षांचा माझा बाप, आपांना खांद्यावर घेऊन, ताठ मानेने गल्लीतून चालत गेला. वळणापर्यंत मला दिसत होता.

तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

आपा, आमचा माणूस आम्हाला परत दिलात.

मनापासून सलाम.