दारात मावेल ती गाडी

अमेरिकेत घर घेताना लोक शाळा बघतात, शेजार बघतात, व्याजाचा दर बघतात. पण आपलं घर कोणाकोणाच्या दारात मावेल हे बघून ते घ्यायला निघालेला माणूस अख्ख्या खंडात एकच निघेल, आणि तो म्हणजे आमचे ॲन आर्बरचे काका. काका माझे तसे कोणी लागत नाहीत. मी शिकायला म्हणून मिशिगनला आलो तेव्हा पुण्याच्या थंडीला पुरेल एवढा स्वेटर घालून विमानतळाबाहेर कुडकुडत उभा होतो. एका अनोळखी गृहस्थांनी स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर टाकला आणि दरडावून विचारलं, "हॉटेलात कशाला उतरतोस? तुला माणसं नाहीत का रे?" मग खोली मिळेपर्यंत मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. माझ्या आधी तिथे कोणीतरी राहून गेलं होतं, माझ्यानंतरही कोणी ना कोणी येतच राहिलं. आज वॉशिंग्टनमधल्या बेलव्ह्यूपासून टेक्सासमधल्या प्लेनोपर्यंत जी मंडळी चार-चार बेडरूमच्या घरांत राहून जागा पुरत नाही म्हणतात, ती सगळी त्या बेसमेंटमधल्या एकाच खड्डा पडलेल्या गादीवर झोपून मोठी झालेली आहेत.

काका एका मोटार कंपनीत इंजिनिअर होते आणि जन्मभर त्यांनी ब्रेकवर काम केलं. "पळवायला काय, कोणीही पळवतं. थांबवता आलं पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य, लग्नकार्यात भाषण करायला लावलं तरी ते हेच सांगत. रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता घर विकायचं, आर.व्ही. घ्यायची, म्हणजे पलंग, शेगडी, संडास सगळं आत असलेलं चाकांवरचं घर, आणि बेसमेंटमध्ये राहून गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचं. विमानाने या, आमच्याकडे उतरा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण ज्याने आयुष्यभर लोकांना उतरवून घेतलं त्याला स्वतः कोणाकडे उतरायचं म्हणजे मोठं संकट. "आम्ही म्हातारी माणसं. रात्री उठतो, खोकतो, दिवे लावतो. तुमच्या बायका बिचाऱ्या नव्या चादरी काढत बसणार. आमचं अंथरूण आम्ही घेऊन येतो. जेवायला मात्र तुमच्याकडे." ह्या बेताला घाईही होती. काकांच्या डोळ्याच्या पडद्याला आजार होता. समोरचं, अगदी मधलं, ते हळूहळू दिसेनासं होणार होतं. गाडी चालवून जिथे जायचं तिथे लवकर जाऊन या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरा कोणी असता तर पुढच्या महिन्यात रस्त्याला लागला असता. काकांनी निवड करायला घेतली.

आता आर.व्ही.चे प्रकार तरी किती! एक बसएवढी मोठी. एक, ट्रकवर घर बसवलेली, जिच्यात पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो. एक साधी व्हॅन, पण तिच्या पोटात सगळा संसार दाटीवाटीने कोंबलेला. शिवाय पिकअपला जोडून ओढत न्यायचे ट्रेलर वेगळेच. काका मिशिगनमधल्या एकेका शोरूममध्ये जात, आणि विक्रेत्याने "यू फोक्स विल लव्ह धिस किचन" म्हणायच्या आत गाडीखाली आडवे होत. बाहेर दिसत ते फक्त त्यांचे बूट. मग बुटांकडून ब्रेकबद्दल एकेक प्रश्न येई आणि विक्रेता घाम पुसत मॅनेजरला बोलवायला जाई. ब्रेक पसंत पडले की पलंगाची पाळी. बूट काढून काका खरोखर झोपत, आणि झोपत म्हणजे घोरत. एकदा शोरूम बंद करायची वेळ झाली तरी ते उठेनात. शेवटी काकूंनीच हलवून उठवलं, तर म्हणाले, "गादी बरी आहे, पण डाव्या कुशीला वारा लागतो."

बस त्यांना मनापासून आवडे. तिच्या मोठ्या स्टिअरिंगमागे बसले की लहानपणी एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं राहून गेलं ते आठवून चेहरा एकदम खुलायचा. पण बस कोणाच्याच दारात मावेना. ट्रेलरबद्दल मत असं, की पाहुणा एकीकडे आणि त्याचं बिऱ्हाड दोरीला बांधल्यासारखं मागे, हे बरं दिसत नाही. व्हॅनला ते खेळणं म्हणत, ती मोजून बघायलाही तयार नसत. डोक्यावर पलंग असलेल्या गाडीला काकूंनीच नकार दिला. "जन्मात कधी माळ्यावर चढले नाही, आता शिडी लावून झोपायला जाऊ होय?" तरी अनुभव असावा म्हणून एकदा तशीच एक भाड्याने घेऊन दोघं तळ्याकाठी जाऊन आली. सकाळी काकूंनी पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडली मात्र, धुराचा अलार्म असा बोंबलायला लागला की शेजारच्या गाडीतलं गोरं जोडपं आग विझवायची नळकांडी घेऊन धावत आलं. काकांनी त्यांना आत बसवून पोहे वाढले, आणि जाताना विचारलं, "तुमच्या घराचा ड्राइव्हवे केवढा आहे हो?"

हा ड्राइव्हवे म्हणजे काकांचं वेडच झालं होतं. गॅरेजच्या दारापासून फुटपाथपर्यंतचा तो सिमेंटचा पट्टा. आपण त्यावर गाडी उभी करतो, बर्फ पडला की तो शिव्या देत साफ करतो, ह्यापलीकडे कोणी त्याचा विचार करत नाही. काका मला भर मीटिंगमध्ये फोन करायचे. "अरे, टेप घेऊन बाहेर जा बघू. उतार किती आहे? वर झाडाची फांदी येते का?" माझी बायको म्हणायची, "काका आपलं घर विकत घेतायत की काय?" प्लेनोच्या मित्राचा ड्राइव्हवे ऐसपैस, पण त्याच्या कॉलनीत रात्री आर.व्ही. उभी केलेली चालत नाही. काका म्हणाले, "उत्तम. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. पाहुण्याने असंच असावं." कोणाकडे उतार फार, कोणाकडे बास्केटबॉलची जाळी मध्ये. सगळ्यांच्या दारात मावेल अशी गाडी काही सापडेना, आणि एकाला जरी वगळलं तरी काकांना ते पटेना. इथेच घोडं अडलं होतं. डोळे मात्र कोणासाठी थांबत नव्हते. त्यांच्या बोलण्यात आता "सिग्नल जरा अंधुकच लावतात हल्ली" असली वाक्यं यायला लागली. 

मग एका वसंतात फोन यायचे बंद झाले. मीच फोन केला, तर तो काकूंनी घेतला. डॉक्टरांनी काकांचं ड्रायव्हिंग पूर्ण बंद केलं होतं. मला खरोखर वाईट वाटलं. धीराचं काहीतरी बोलायला लागलो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ते राहू दे. तुझ्या ड्राइव्हवेची लांबी सांग बघू परत."

काकूंच्या ड्रायव्हिंगबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं अमेरिकेत राहून त्या कधी हायवेवर गेल्या नव्हत्या. "मागच्या सगळ्यांना आपण अडवतोय असं वाटतं बाई मला." इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, डावीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्यांच्या मध्ये शिरावं लागतं, म्हणून त्या फक्त उजवीकडे वळत. इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर आणायला निघाल्या की शहराला प्रदक्षिणा घालून परत येत. त्या काकू आता शोरूममध्ये जाऊन स्टिअरिंगमागे बसल्या. काका ह्या वेळी गाडीखाली गेले नाहीत, पलंगावर झोपले नाहीत. बसमध्ये काकूंचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. ट्रकमध्ये त्यांना पुढचं बॉनेट दिसेना. व्हॅनमध्ये बसल्या, सीट पुढे ओढली, ब्रेक दाबून पाहिला. काका गुपचूप पलीकडच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "हीच." एवढ्या वर्षांचा घोळ असा मिटला. आणि गंमत म्हणजे ती व्हॅन सगळ्यांच्याच दारात मावणारी होती. मग एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये काकांनी काकूंना डावीकडे वळायला शिकवलं. "शिकवलं कसलं, नुसते 'ब्रेक! ब्रेक!' ओरडायचे," असं काकूंचं म्हणणं.

घर विकलं गेलं. बेसमेंटमधली गादी कोणी घेईना, ती शेवटी टाकून दिली, असं ऐकलं. मी उगीचच दिवसभर अस्वस्थ होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती दोघं बेलव्ह्यूला आमच्या दारात आली. बायकोने वरची खोली तयार ठेवली होती, नव्या चादरीसकट. काकांनी रस्त्यावरच उतरून तिला सांगून टाकलं, "आम्ही भेटायला आलोय, उतरायला नाही." मग ते ड्राइव्हवेच्या टोकाला, गॅरेजच्या दारापाशी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून काकूंना गाडी मागे घ्यायला सांगू लागले. "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडे... येऊ दे!" समोरचं दिसत नाही म्हणून मान एका बाजूला वळवून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. आवाज मात्र असा की समोरच्या घरातले दोघं खिडकीत आले. माझी मुलगी मला म्हणाली, "बट बाबा, व्हॅनला कॅमेरा असतो ना?" मी तिला गप्प केलं आणि काकूंच्या खिडकीपाशी गेलो. कॅमेरा होताच. पडद्यावर गॅरेजचं दार, दोन्ही कडा, आणि मधोमध हात हलवणारे काका, सगळं स्वच्छ दिसत होतं. गाडी खरं तर केव्हाच जागेवर आली होती.

"काकू, थांबवा ना आता," मी म्हणालो.

"मला दिसतंय रे," काकू हळूच म्हणाल्या, आणि गाडी मुंगीच्या पावलाने मागे घेत राहिल्या. "त्यांचं 'बस' म्हणून होऊ दे."

काका म्हणाले, "बस्स!" मग काकूंनी ब्रेक दाबला.