दादाच्या इंजिनाचं सीमोल्लंघन

सोलापूरचं पाणी जड. आमच्या अंघोळीच्या बंबात आतून पांढरी खपली धरायची. ती खरवडताना वहिनी म्हणायची, "चुना विकत आणायला नको, यातच भिंती निघतील." मी भूगोलाचा मास्तर; ती खपली बघून मला पोरांसाठी चुनखडीचा धडा सुचला. दादा इंजिनियर, त्याला यंत्र सुचलं. दोघा भावांतला फरक सांगायला याहून बरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

दादा रेल्वेच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या दुरुस्तीखान्यात होता. या यंत्राआधी त्यानं इंजिनाच्या धुराड्यात ठिणग्या अडवणारी जाळी बसवली होती आणि रुळालगतच्या कडब्याच्या गंजी पेटायच्या थांबल्या होत्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि बढती दुसऱ्याला दिली.

इंजिनाच्या बॉयलरचं दुखणं आमच्या बंबाचंच. खपली धरली की कोळसा जास्त खातो, नळ्या फुटतात. दादानं एक लोखंडी डबा केला. वाया जाणारी वाफ त्यात घ्यायची, तिच्यावर पाणी तापवायचं, गाळ तिथंच बसू द्यायचा आणि निवळ पाणी बॉयलरला द्यायचं. डब्याच्या माथ्यावर एक बारीक भोक. जास्तीची वाफ तिथून सुटत राहायची. साहेबांनी एका जुन्या इंजिनावर एकच चाचणी मंजूर केली. जमलं तर सगळ्या इंजिनांना डबे आणि दादाला मोठ्या कारखान्यात जागा. नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

चाचणी दसऱ्याला ठरली. "हेच आमचं सीमोल्लंघन," दादा म्हणाला. आदल्या दिवशी खंडेनवमी. शेडमध्ये हत्यारांची आणि इंजिनांची पूजा असायची. दादा देव मानत नव्हता, पण पूजेवाचून ड्रायव्हर इंजिन हलवणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मीही गेलो, खोबऱ्याच्या आशेनं.

अक्कलकोटकडचा म्हातारा ड्रायव्हर शेंदराची वाटी पुढं करत म्हणाला, "इंजिनाला आमी लावतो साहेब. हे नवं लेकरू तुमचं हाय. त्याला तुमीच लावा की."

"मला कुठं येतंय ते?"

"सोताच्या लेकराला तेल लावाया शिकाया लागतंय व्हय?" फायरमन म्हणाला. हा मंद्रूपचा, ताडमाड उंच. कोळशानं भरलेलं फावडं एका हातानं फिरवून दाखवायची त्याला खोड होती.

सगळे हसले. दादाही हसला. चारी बोटं वाटीत बुडवून त्यानं डबा माथ्यापासून असा माखला की गावच्या मारुतीला हेवा वाटावा. मी म्हणालो, "नास्तिकाचा हात फार सैल." या विनोदावर मी घरी जाईपर्यंत खूश होतो.

शेंदूर शेडमधलाच होता, जवसाच्या तेलात कालवलेला. तिथं तो रोज लागतो, वाफेच्या नळ्यांचे सांधे बुजवायला. तापला की दगड होतो. हे ड्रायव्हरला ठाऊक, फायरमनला ठाऊक. दादानं तर त्याच शेंदरानं त्याच डब्याचे सांधे स्वतः भरले होते. पण पूजेच्या वाटीत गेल्यावर तो सांध्यांचा शेंदूर राहिला नाही. देवाचा झाला. कुणालाच काही खटकलं नाही.

दसऱ्याला इंजिन झेंडूच्या माळा लेवून निघालं. पहिल्या सिग्नलपर्यंत जाऊन झोकात परत येऊ लागलं. साहेबांनी मानही डोलावली. तेवढ्यात दादा हळूच म्हणाला, "भोकातून वाफ का दिसत नाही?" आणि हात हलवत रुळांकडे धावत सुटला.

डबा फुटला. आवाज फार मोठा नव्हता. बंबाचं झाकण फरशीवर पडावं एवढाच. फायरमन तेव्हाच पाण्याची तोटी फिरवायला डब्याशी वाकला होता. त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. तोंड वाचलं.

चौकशीत साहेबांनी दादाला वाट दाखवली: शेंदूर अडाणी लोकांनी फासला, एवढंच म्हणायचं. दादा म्हणाला, "भोक मी बुजवलं. याच बोटांनी." डबा उतरवला गेला. शेडमधली पूजाही बंद झाली, म्हणून ड्रायव्हरनं दादाशी बोलणं टाकलं. दादाला नकाशांच्या खोलीत बसवलं. तिथं तो दुसऱ्यांच्या इंजिनांची चित्रं गिरवत राहिला.

वहिनीनं एकदा विचारून पाहिलं, "दोन भोकं ठेवली तर?"

"डोकं नव्हतं गं चुकलं, हात चुकला," दादा म्हणाला. "डोक्याला पुन्हा काम दिलं की हात मागून येणारच." त्यानंतर बंब तो स्वतःच खरवडू लागला.

फायरमन आता फाटकावर असतो. झेंडा काखेत धरतो. दर दसऱ्याला सोनं द्यायला आमच्याकडे येतो. बोटं एकमेकांना चिकटलेली, म्हणून आपट्याची पानं बायकोकडून पटक्यात खोचून घेतो. यंदाही आला.

"त्यो डबा चालला असता न्हवं, साहेब?"

"चालला असता."

"मला वाटलंच हुतं. घ्या सोनं. तुमीच काढून घ्या."

दादाचा हात वर गेला आणि पटक्याशी अडला. अशा वेळी दरवर्षी मी काहीतरी विनोद करतो. यंदा सुचला नाही. फायरमन मान खाली वाकवून उभा राहिला, दादाचा हात पोचेपर्यंत.