बिनखुणेचं दार

मी चौथी शिकलो, तेही अर्धी. पण धाकट्या भावाला नागपूरला एम.ए.पर्यंत मीच पोचवला, हे सांगताना आजही माझी मान वर होते. सामुदायिक मानसशास्त्र शिकत होता तो. म्हणजे एकट्या माणसाचं नाही, अख्ख्या वस्तीचं मन तपासायचं. मी हसलो होतो, "वस्तीले कुठं एक मन असते रे?"

"भेव वाटलं की असते, दादा."

आणीबाणीतलं शहात्तर साल सरत आलं होतं. नसबंदीच्या जीपा गावोगाव फिरत होत्या. मालेगावच्या रस्त्यावर धूळ दिसली की आमच्या वस्तीतले बाप्ये हातातलं काम टाकून तुरीत शिरायचे. मला तीन पोरी, पोरगा नाही. मीही शिरायचो. तुरीच्या बुडाशी दम धरून बसायचो. एखादं पाखरू उडालं तरी काळीज लकलक करायचं.

अशात धाकटा अभ्यासाला गावात आला. घरोघर बसून विचारायचा, झोप लागते का, कशाचं भेव वाटते, शेजारी अडीनडीला येतो का. एक घर दोनदा होऊ नये म्हणून झालेल्या घराच्या दारावर गेरूची फुली काढायचा. हिवतापाचे फवारणीवाले भिंतीवर गेरूनंच आकडे टाकून जात. दारावर गेरू दिसला म्हणजे सरकारनं आपलं घर पाहून ठेवलं, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तो ते कॉलेजात विसरला.

एका सकाळी शेजारचे काकाजी दारात आले. बाप गेल्यावर आमच्या डोक्यावर हात ठेवणारा हाच माणूस. मागं पाच-सात जण, हातात काठ्या.

"तुह्या भावानं समद्याइच्या दारावर फुल्या मारल्या. जीपवाल्याले घरं दाखवाले ना?"

"अभ्यास हाये त्याचा, काकाजी."

"असं? मंग तुह्या दारावर काहून नाई?"

मी वळून दाराकडं पाहिलं. खरंच नव्हती. आपल्याच घरात काय विचारायचं, म्हणून त्यानं काढलीच नव्हती.

मागून एकजण खिदळला, "घरच्याले सूट देल्ली सायबानं!"

धाकटा समजवायला पुढं आला. मी त्याला आत ढकलून बाहेरून कडी घातली. त्याला मारतील, हे भेव होतंच. पण कडी घालता घालता दुसरंच काही मनात आलं, खरंच कोणी पाठवला तर नसंल याले? पाठचा भाऊ माझा.

तेवढ्यात रस्त्याकडून आरोळी आली, "जीप येऊन राह्यली!"

काठ्या तिथंच पडल्या. सगळे तुरीकडं पळाले. माझेही पाय निघाले होते. पण बिनखुणेचं दार तसंच ठेवून मी पळालो असतो तर धाकटा गावात पुन्हा उभा राहू शकला नसता, आणि मीही. ओसरीवर त्याची गेरूची वाटी होती. बोट बुडवून मी माझ्या दारावर मोठी फुली काढली आणि उंबऱ्यावर बसलो.

काकाजींनी पळता पळता मागं पाहिलं. "ऊठ ना बे! येडा झाला का?"

"तुमी जा. मी बसतो."

आतून धाकटा दार बडवत होता. जीप आली. हळू झाली. माझ्यासमोरच थांबली. आतल्या सायबानं आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला माझ्या पोरींची तोंडं आठवेनात.

"शिरपूरचा रस्ता कोणता?"

मी हात केला. जीप गेली. कोणत्या खात्याची होती, आजही ठाऊक नाही.

तुरीतून एकेक जण बाहेर आला. काकाजी माझ्या दारासमोर आले. ओल्या फुलीवर बोट फिरवून पाहिलं. मग खाली वाकून आपली काठी उचलली.

"त्याले म्हण, जायच्या आधी समद्या फुल्या पुसून घे."

मी कडी काढली आणि पुन्हा उंबऱ्यावर बसलो. धाकट्यानं फडकं ओलं करून घरोघरच्या फुल्या पुसल्या. कोणी त्याला अडवलं नाही. शेवटी माझ्या दाराशी येऊन तो खाली बसला.

"दादा, भेव वाटलं का?"

"नाई."

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. ते उंबऱ्याचं लाकूड घट्ट धरून होते.