मुक्या बाईची पिशवी

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी देवावर रुसले होते. नास्तिक वगैरे झाले नव्हते, तेवढी माझी मजल नाही. सांजवात रोज लावत होते, पण हात समईजवळ आणि मन तिसरीकडेच असायचं. गिरण्यांच्या संपात ह्यांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. आधी माझ्या बांगड्या गेल्या, मग मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या, आणि मुलुंडच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत सोनंनाणं म्हणावं असं काही उरलं नाही. मी मनातल्या मनात देवाला विचारायची, आता आमच्याकडून आणखी काय न्यायचं बाकी ठेवलं आहेस? गौरी यायच्या आदल्या दिवशी त्याचं उत्तर मिळालं असंच मला वाटलं.

आमच्या कुटुंबाची गौर चांदीच्या मुखवट्याची. सासूबाईंच्या सासूबाईंनी कोकणात, गावच्या सोनाराकडून घडवून घेतलेली. एक वर्ष अंधेरीला थोरल्या दिरांकडे आणि एक वर्ष मुलुंडला आमच्याकडे, अशी ती पाळीपाळीने बसायची. आणायला घरच्या सुनेनंच जायचं, आणि रीत अशी की गौर हाती आल्यापासून आपल्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, तिला जमिनीला टेकवायचं नाही. गावी पाणवठ्यापासून घरापर्यंतचं ते चार पावलांचं काम. पण सासूबाईंनी गाव सोडलं तरी रीत सोडली नव्हती, त्यामुळे अंधेरी ते मुलुंड सगळी बस मला गप्प बसून काढायची होती. नळावर हंडा भरेपर्यंतसुद्धा जिला गप्प राहवत नाही, तिच्यावर ही वेळ. गौर माझ्या हातात दिल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "जपून ने गं. सध्या तुमचे दिवस कसे आहेत, ठाऊक आहे मला." मायेनं म्हणाल्या की टोचून, कोण जाणे. उत्तर जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

त्या काळात बायका प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या घरी विणायच्या. माझी हिरवी-पांढरी होती. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गौर, वर पंचा. बसमध्ये मला जागा मिळाली. मरोळनंतर गर्दी वाढली आणि एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली, कामावरून सुटलेली, घामाघूम. तिच्या हातातही पिशवी. उभ्या माणसाचं ओझं बसलेल्यानं मांडीवर घ्यायचं, ही आपल्याकडची न सांगता चालणारी पद्धत, तशी मी हात पुढे केला. तिनं काहीतरी विचारलं, मी मान हलवली. आणखी काही बोलली, मी पुन्हा मान हलवली. मग तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गप्प झाली. तिचीही पिशवी हिरवी-पांढरी आणि वरून फडकं घातलेली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तोंड मिटून धरण्यातच इतकी गुंतले होते, की डोळे उघडे असून नसल्यासारखे.

भांडुपला ती घाईनं उतरायला निघाली. एका पिशवीला हात घालून तिनं विचारलं, "ही माझी ना?" मी मान हलवली.

घरी उंबऱ्याशी सासूबाई वाट पाहतच होत्या. त्यांनी पिशवी घेतली, पाटावर ठेवली आणि फडकं बाजूला केलं. आत एक पत्र्याचा डबा. झाकण उघडताच खोलीभर सुक्या बोंबलांचा वास. एरवी आमच्या घरात बोंबलाला कुणी नाक मुरडत नाही, पण समोर गणपती बसलेले. सासूबाईंनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

गौर गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ती हरवली हे कुणाला पटणार? गिरणी बंद, बांगड्या गेलेल्या, आणि नेमकी आमच्या पाळीला चांदी हरवली. लोक म्हणणार, गौर गहाण टाकली आणि वर गोष्ट रचली. ह्यांनी आयुष्यात कुणाची काडी घेतली नाही, त्यांना आता भावाच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागणार होतं. झोपण्यापूर्वी मी देवापुढे बसले. नवस बोलावा असं घरात काही नव्हतं, आणि भांडण्याचं बळही संपलं होतं. एवढंच म्हणाले, "बाई गं, मी तुला नाही सांभाळू शकले. आता तुझी तू ये." आणि नवल म्हणजे, त्यानंतर मला झोप लागली.

सकाळी बोंबलांची पिशवी घेऊन मुलुंडच्या बस डेपोवर गेले. चौकीतल्या माणसाला विचारलं, काल अशी पिशवी कुणी आणून दिली का? त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, पिशवी दिली नाही कुणी, पण काल संध्याकाळी एक बाई निरोप ठेवून गेली आहे. मात्र तो निरोप माझ्यासाठी नाही. मी विचारलं, मग कुणासाठी? तर म्हणाला, एका मुक्या बाईसाठी.

क्षणभर मला काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. मी घाईघाईनं सांगू लागले, की ती मुकी बाई मीच. जितकं जास्त बोलत गेले तितका त्याचा संशय वाढत गेला. त्याचंही बरोबरच होतं. इतकं धडाधड बोलणारी मुकी बाई त्यानं कधी पाहिली नसेल. शेवटी मी म्हटलं, "अहो दादा, पिशवीत आमची गौर होती. गौर आणताना बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते."

तो खुर्चीतून उठलाच. "मगे ह्या आधी सांगूचा नाय?" त्याच्या तोंडून मालवणी बाहेर पडली. "आमच्याकडे पण तसाच असता." आणि हसत हसत त्यानं मला भांडुपचा पत्ता सांगितला, बुद्धविहाराच्या मागची वस्ती, नळाजवळचं घर.

घर सापडलं. दारात तीच बाई तांदूळ निवडत बसली होती. मला पाहताच उठली आणि हातवारे करून आत या असं खुणावू लागली. मी म्हणाले, "ताई, मला बोलता येतं." तिच्या हातातलं सूप निसटता निसटता राहिलं. रीत समजावून सांगितली तेव्हा पदर तोंडाला लावून ती अशी हसत सुटली, की मलाही हसू आवरेना.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली मेणबत्ती. तिनं आधीच सांगून टाकलं, "मी काही पूजा-बिजा केलेली नाही हां. आम्ही करत नाही." मग म्हणाली, घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा आत चांदी दिसली. तशीच परत निघाली, मुलुंड डेपोपर्यंत गेली. पण वस्तू तिथं ठेवायला मन होईना. "म्हटलं, मुकी बाई. तिला आपली वस्तू काय होती हे सांगता यायचं नाही. कुणीही येऊन बोलेल आणि घेऊन जाईल. जिला बोलता येत नाही तिचं कोण ऐकून घेतं? म्हणून आत काय आहे ते मी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, पण चूक माझीच, मीच मान हलवून पिशवी दिली. तर म्हणाली, "त्याला देणं म्हणतात होय? न दिलेलं घ्यायचं नाही, हे आम्ही पंचशीलात रोज म्हणतो. म्हणायचं आणि करायचं नाही, असं कसं चालेल?" हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की जणू दारातला केर काढण्याबद्दल बोलत होती.

मग ती कोपऱ्यातल्या मोठ्या डब्याकडे गेली. दाराची कडी नीट लागत नाही, म्हणून मोलाचं काही आलं की ती तांदळात ठेवते, म्हणाली. तिनं झाकण काढलं आणि मी आत पाहिलं. डब्यातल्या तांदळात हनुवटीपर्यंत बसलेली आमची गौर माझ्याकडे बघत होती.

आमच्याकडे गौर बसवतात ती अशीच. तांब्याच्या घागरीत तांदूळ भरायचे आणि त्या तांदळात मुखवटा बसवायचा. त्या बाईला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, आणि मी तेव्हा सांगितलंही नाही. मी तिथंच जमिनीवर बसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं, चहा टाकला.

मुखवट्याच्या आतल्या पोकळीत तांदूळ अडकले होते. मी ते झटकून डब्यात टाकू लागले तर म्हणाली, "राहू द्या चार दाणे, काय होतंय." तिचे बोंबील तिला दिले, गौर पुन्हा लुगड्यात गुंडाळली आणि मी तोंड मिटलं. तिच्या ते लगेच लक्षात आलं. माझ्याबरोबर थांब्यापर्यंत आली, आणि बस आल्यावर खालूनच कंडक्टरला म्हणाली, "ह्यांना मुलुंडचं तिकीट द्या. आज ह्या बोलणार नाहीत." मी फक्त हात जोडले.

संध्याकाळी रीतीप्रमाणे मी गौर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले. दुपारभर मला धाकधूक होती. घरी पोचल्यावर सासूबाईंना सगळं खरं सांगितलं होतं, कुणाच्या घरी, कशात ठेवली होती, सगळं. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या. गौर शुद्ध करून घ्या म्हणतील, याची मी वाट बघत होते. त्या हळदकुंकू घेऊन दारात आल्या.

"कोण आलं गं?"

"गौर आली."

"कुठून आली?"

याचं ठरलेलं उत्तर "पाणवठ्यावरून" असं आहे. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "भांडुपहून. बहिणीच्या घरून."

सासूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, गौरीला कुंकू लावलं, आणि म्हणाल्या, "मग त्या बहिणीला उद्या जेवायला बोलावलंस का नाही?"

दुसऱ्या दिवशी बोलावणं गेल्यावर ती आली. तिनं गौरीपुढे हात जोडले नाहीत आणि कुणी जोडायला सांगितलेही नाहीत. सासूबाईंनी तिला आपल्या शेजारी पाटावर बसवून आग्रहानं पुरणपोळी वाढली. घागरीत आमच्या तांदळांवर तिचे चार दाणे होते.

माझी परिस्थिती त्यानंतर लगेच सुधारली असं नाही. ह्यांना काम मिळायला पुढे बरेच दिवस लागले. पण माझा रुसवा मात्र त्या दिवशीच गेला. देवाला सतत काही ना काही सांगत राहण्याची मला सवय होती, आणि तो ऐकत नाही अशी तक्रारही होती. त्या बसमध्ये मी एक शब्द बोलले नव्हते, तरी एका अनोळखी बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं होतं. आता संकट आलं की मी सांगायचं तेवढं एकदा सांगते आणि गप्प बसते. सासूबाई होत्या तोवर त्याही मला थट्टेनं विचारायच्या, "काय गं, आज मुकी झालीस वाटतं?" मी मान हलवायची.